गाऱ्हाणं मोघम नको

आमच्या गावात सध्या माझी एक फजिती चवीने सांगितली जाते. प्रत्येक घरात तिला नवी फांदी फुटते. परवा तर कानावर आलं की मालकाने मला दारातून हाकललं आणि मी त्याच्या कारखान्याला शाप दिला. म्हटलं, आता मीच सांगावं, निदान मूळ प्रत तरी तुमच्याकडे राहील. चहा घ्या, गार होतोय.

तर आधी मुद्द्याचं. मला फिट येते.

बघा, एका दमात सांगून झालं. पण आमच्या घरात हे वाक्य आजवर कोणी पुरतं उच्चारलेलं नाही. आई म्हणते, 'तिला जरा ते होतं.' रत्नागिरीत मांडवीला असते ती मावशी म्हणते, 'चक्कर.' बाबा मुंबईहून फोनवर नुसतं 'तब्येत' म्हणतात. अहो, मेंदूत थोडा वेळ विजेचा गोंधळ होतो, माणूस पडतं, हातपाय झटकतं, थोड्या वेळाने थांबतं. गोळ्या वेळेवर घेतल्या आणि झोप पुरी झाली तर माझं वर्ष एखाददुसऱ्या फिटवर निभावतं. यात लपवण्यासारखं काय आहे? मी काय दरोडा घातलाय?

पण पहिली नोकरी मी लपवूनच केली. पाणी तपासायच्या लॅबमध्ये होते. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्या भरभरून यायचं आणि मी ते तपासायची. छान चाललं होतं. एके दिवशी फिट आली. शुद्धीवर आले तर नाकासमोर एका बाजूने फोडलेला कांदा आणि दुसऱ्या बाजूने चप्पल. चप्पल कोणाची ते आजतागायत कळलेलं नाही, पण तो माणूस रोज मच्छी मार्केटमधून चालत येत असणार. मी उठून बसले, म्हटलं, मी बरी आहे, कामाला लागते. साहेब म्हणाले, नको नको, घरी जाऊन विश्रांती घ्या. ती विश्रांती अजून चालू आहे.

त्या दिवशी ठरवलं, यापुढे आधी सांगायचं आणि मग खुर्चीत बसायचं.

सांगितलं की! एका ऑफिसात मी 'फिट' म्हटल्याबरोबर समोरच्या साहेबांनी टेबलावरचा काचेचा पेला हळूच आपल्याकडे ओढून घेतला. मासळीच्या एका कंपनीतल्या बाईंनी डोळ्यांत पाणी आणून मला कुठल्याशा वैद्याचा पत्ता दिला. आणि तिसरी जागा चक्क हॉस्पिटलची लॅब होती. मी त्यांना म्हटलं, अहो, मला पडायचंच असेल तर याहून सोयीची जागा अख्ख्या जिल्ह्यात कुठली? कोणी हसलं नाही. तिन्ही ठिकाणी शेवटचं वाक्य मात्र एकच होतं, 'कळवतो.' या तिघांनी मला कामाचं एक अक्षर विचारलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

राग येतो हो. खूप राग येतो. माझ्या जुन्या साहेबांना दुपारच्या मीटिंगमध्ये रोज डुलकी लागायची, मान खाली, तोंड उघडं. त्यांना कधी कोणी चप्पल हुंगवली नाही.

असो. तर यंदा शिमग्याच्या तोंडावर मावशीला कुठूनसं कळलं की एमआयडीसीतल्या एका आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात लॅबसाठी माणूस हवंय. मी फोन केला, भेटीचा दिवस ठरला. अडचण एकच होती. आंब्याचा सीझन सुरू झाला की हे कारखाने रात्रंदिवस चालतात, लॅबवाल्यांनाही रात्रपाळी लागते. आणि मी रात्र जागले की फिट हमखास. म्हणजे लपवायची सोयच राहिली नाही. मला ही नोकरी हवी होती, दिवसपाळीचीच हवी होती आणि खरं सांगून हवी होती. आई म्हणाली, एवढं सगळं एकदम देवसुद्धा देत नाही, तू मालकाकडे मागणार?

तिचं म्हणणं, आमच्यात मुलींना रात्रीचं बाहेर पाठवत नाहीत असं सांग आणि मोकळी हो. मी म्हटलं, का म्हणून? घराण्याला मागासलेलं ठरवीन, पण फिट म्हणणार नाही? मग दोघींचा अबोला. तिचा अबोला म्हणजे भांडी जोरात ठेवणं.

मी मावशीकडे राहून भाषणाची तयारी सुरू केली. हो, भाषणच. फिट म्हणजे काय, ती का येते, आली तर काय करायचं, काय करायचं नाही, तोंडात चमचा का घालायचा नाही, कांद्याचा आणि मेंदूचा काही संबंध कसा नाही. रोज संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाऊन समुद्राकडे तोंड करून मी ते म्हणायची. तिथे गरी टाकून बसणारे एक काका होते. दोन-तीन संध्याकाळी त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. एकदा न राहवून म्हणाले, "ताई, आजाराचा सगळा समजला. पण नोकरी कसली, ता काय तुमी सांगितलात नाय."

मी म्हटलं, तो मुद्दा नाहीये काका. त्यांनी खांदे उडवले आणि परत पाण्याकडे बघायला लागले.

मग आला शिमगा. मी गावी गेले, संगमेश्वरच्या आतल्या बाजूला. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते हे तुम्हाला माहीत आहेच. ढोल वाजतात, गुलाल उडतो, पालखी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, टेकते, घरचं माणूस नारळ ठेवतं आणि गुरवकाका देवीला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे घराचा अर्ज, तोही तारस्वरात. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. एकदा म्हटलं की ते म्हणणाऱ्यालाही लागू, असं आमच्याकडे मानतात.

पालखी आमच्या खळ्यात आली. आईने नारळ ठेवला आणि गुरवकाकांच्या कानात काहीतरी कुजबुजली. काकांनी आवाज लावला.

"हे माऊली महाराजा! ह्या घरच्यांनी जो काय नारळ ठेवलानी हाय, त्यो मान्य करून घे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या पोरीच्या मनात जी काय इच्छा असंल, ती पुरी कर महाराजा!"

आता इथे गप्प बसायला माझं काय जात होतं? सगळं शिस्तीत चाललं होतं. पण माझ्या डोक्यात जेटीवरचं भाषण शिजत होतं आणि हे 'जी काय इच्छा' म्हणजे मला परत तेच 'जरा ते होतं' वाटलं. मी पुढे झाले.

"काका, मोघम नको. स्पष्ट घाला."

आईने मागून चिमटा काढला. काकांनी टोपी सारखी केली. म्हणाले, बोल, काय घालू? मी म्हटलं, घाला, हिला फिट येते. ही ते लपवणार नाही. फिटकडे न बघता मालकाने हिची पारख करावी आणि हिला दिवसपाळी द्यावी.

एवढ्यात ढोलवाल्यांतला एकजण, पन्नाशीचा, आडवा बांधा, डोक्यापासून पोटापर्यंत गुलालाने माखलेला, ढोलावर हात टेकून मला विचारतो, "कशानं येते गो बाय फिट?"

"रात्र जागवली की येते. तुम्ही ढोल वाजवा."

लोक हसले. हा काही हटेना. "आनि मालक कसा हाय?"

"खडूस आहे म्हणतात."

"कोन म्हनतो?"

"सगळी रत्नागिरी म्हणते."

त्याने मान डोलावली. खरं तर सगळी रत्नागिरी नव्हे, मावशीची शेजारीण म्हणाली होती. पण पालखीसमोर उभं राहिलं की माणसाला जोर चढतो. आणि काका तर कसलेले गुरव, त्यांना एवढा माल मिळाल्यावर ते थोडंच सोडतात? त्यांनी एका श्वासात माझी फिट, माझी झोप, माझी दिवसपाळी देवीच्या पायावर घातली आणि शेवटी हात वर करून म्हणाले, "आनि त्यो जो कोन खडूस मालक असंल, त्याच्या मनात उजेड पाड महाराजा!"

"व्हय महाराजा!" अख्खं खळं गरजलं. सगळ्यांत मोठा आवाज त्या ढोलवाल्याचा. वर त्याने ढोलावर एक सणसणीत टिपरू मारलं. आई घरात निघून गेली. मला मात्र फार मोकळं वाटलं. माझं नाव आणि माझी फिट एकाच वाक्यात, उघड्यावर, एवढ्या लोकांत पहिल्यांदा बोलली गेली होती आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

भेटीच्या दिवशी आई बरोबर आलीच. मला सोबत म्हणून नव्हे, मी आत तोंड किती उघडते त्यावर लक्ष ठेवायला. पण कारखान्याच्या वॉचमनने तिला आपल्या केबिनमध्ये पंख्याखाली बसवलं आणि मी एकटीच आत गेले. मालकांना सगळे आप्पा म्हणत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नाकावर चष्मा, उजव्या अंगठ्याला बँडेज. मी त्यांच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही, कारण मी भाषणाचं पहिलं वाक्य आठवत होते.

"बसा," ते म्हणाले.

"आधी सांगते, मग बसते." आणि केली सुरुवात. मेंदूतली वीज झाली, झोपेचं महत्त्व झालं, चमच्यावर आले, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला.

"थांबा जरा. हे सगळं शिमग्यात झालंय."

मला काही समजेना. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मान थोडी वळवली. कानामागे गुलाल! आठवड्यानंतरही कोकणी माणसाच्या कानामागे गुलाल असायचाच, पण तो आडवा बांधा आणि ते बँडेज, ढोल वाजवून अंगठा सोलवटलेला...

"तुमचं गाव माझं आजोळ," आप्पा म्हणाले. "दरवर्षी शिमग्याला ढोल वाजवायला येतो. तो खडूस मालक मीच."

मी बसले. न सांगता बसले.

आता मला वाटलं, हे माझा सूड घेणार. पण त्यांनी टेबलावरचा पेला स्वतःकडे ओढला नाही. उलट पाण्याने भरून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, पालखीपुढे होय म्हटलंय, ते म्हटलंय. दिवसपाळी देतो. फिट आली तर काय करायचं ते लॅबमधल्या दोघांना शिकवून ठेवा. सोमवारपासून या.

झालं ना? तुम्ही असता तर काय केलं असतं? 'आभारी आहे' म्हणून उठला असता, बाहेर येऊन आईच्या पाया पडला असता. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

माझं डोकं फिरलं.

मला वाटलं, म्हणजे ही नोकरी मला नव्हे, देवीच्या धाकाला मिळाली. पालखी दुसऱ्या आळीत गेली असती तर यांनीही 'कळवतो'च म्हटलं असतं. आधी लोक फिटला घाबरून नाही म्हणायचे, आता हे देवीला घाबरून हो म्हणतात. मधल्या मध्ये मी कुठे आहे?

"मला भिडेखातर नोकरी नको," मी म्हटलं.

"अहो, मी देतोय ना."

"तेच नको. दुसरं कोणी आलं असतं तर असंच घेतलं असतंत? त्याला चार प्रश्न विचारले असतेत. मलाही विचारा. माझी परीक्षा घ्या."

आप्पांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, बरं. आणि खरं सांगते, त्या 'बरं' मध्ये भीड औषधालाही नव्हती.

"हापूसच्या पल्पचा पीएच किती असायला हवा?"

आता पीएच म्हणजे माझ्या हातचा मळ. इतकी वर्षं दुसरं केलंय काय? मी ताठ बसून म्हटलं, "सात."

"सात?"

"सात. साडेसहा ते साडेआठ चालून जातो."

"हे नळाच्या पाण्याचं झालं." आप्पा शांतपणे म्हणाले. "पल्प आंबट असतो, म्हणून डब्यात टिकतो. सातचा पल्प भरून विकला, तर आडव्या तुम्ही एकट्याच नाही होणार. गिऱ्हाईकं पण होतील."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी म्हटलं, पुढचा विचारा. त्यांनी विचारलं, गोदामात एखादा डबा फुगलेला सापडला तर काय कराल? मी म्हटलं, फेकून देईन. आणि त्याच्याबरोबर भरलेले बाकीचे? मी थोडा विचार केला आणि म्हटलं, ते नाही ना फुगलेले? आप्पांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग जरा सोपा प्रश्न म्हणून विचारलं, आमच्या कारखान्याची काही माहिती काढलीत का? मला त्या कारखान्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती गावासमोर बोलून झाली होती.

अहो, आंब्याच्या मुलखात जन्मले. दर मे महिन्यात कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर आंबे खाल्ले. आणि इतके दिवस जेटीवर उभं राहून त्या आंब्याबद्दल मी एक ओळ वाचली नव्हती! सगळी तयारी फिटची. ती तयारी तर शिमग्यातच खर्च झाली होती. आता माझ्याजवळ बोलायला काही शिल्लकच नव्हतं.

आप्पा म्हणाले, "तुम्हाला घेता येणार नाही."

"फिटमुळे नाही ना?"

"फिटला मी होय म्हटलंय. हे 'नाही' त्या सातला आहे."

पुढे म्हणाले की वाचून या. सीझनच्या मध्यावर लॅबला माणूस लागतंच, तेव्हा परत विचारीन. दिवसपाळीचा शब्द कायम. पण प्रश्न हेच नसतील, वेगळे असतील, ते मी आत्ता सांगणार नाही. मी म्हटलं, सांगूही नका. उठले, हात जोडले, आणि मला इतकं बरं वाटत होतं की दाराऐवजी कपाटच उघडलं. आप्पांनी बोटाने दार दाखवलं.

केबिनमधून आई धावत आली. तिने माझा चेहरा बघितला आणि तीही हसायला लागली. वॉचमनला म्हणाली, झालं बघा काम. मी तिला घेऊन एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली, तिकिटं काढून झाली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "सांगितलंस शेवटी फिटचं?"

"सांगायला लागलंच नाही. मालक शिमग्यात आपल्या खळ्यात होते. ढोल वाजवत होते."

आईने पदर तोंडाला लावला. "मग? नाही म्हणाले?"

"नाही गं. ते हो म्हणाले. दिवसपाळीसकट. मीच म्हटलं, असं नको, परीक्षा घ्या."

"आणि?"

"नापास झाले."

बरीच वळणं गेली. आईने तिकिटांची घडी घालून पिशवीत ठेवली. मग माझ्याकडे वळून, अगदी बेताने, जणू मला लागू नये म्हणून, तिने विचारलं, "बाय, मग मागच्या त्या तीन नोकऱ्या नक्की फिटमुळेच गेल्या ना?"

कंडक्टरसकट अर्ध्या एसटीने वळून बघितलं, इतक्या जोरात मी म्हटलं, "फिटमुळेच गेल्या! त्यांनी मला काही विचारलंच कुठे? विचारलं असतं, तर तिथेही नापासच झाले असते!"